भुंगेऱ्यांची पेटी

छंदाला रिकामपणाचा उद्योग म्हणण्याची चाल जुनीच आहे. परंतु एखादा छंद विद्यापीठांनाही नवी दृष्टी देऊन जातो, याची साक्ष विज्ञानाच्या इतिहासात मिळते. इंग्लंडमधील लेस्टर गावी १८४४ साली दोन तरुणांना एकत्र आणणारा भुंगेऱ्यांचा छंद असाच होता.

हेन्री वॉल्टर बेट्स हा तेथील एका मोजेवाल्या व्यापाऱ्याकडचा उमेदवार. १३व्या वर्षी शाळा सुटली आणि सकाळी ७ पासून रात्री ८ पर्यंत वखारीत राबणे नशिबी आले. तरीही रात्री तो अभ्यास करी व सुटीच्या दिवशी चार्नवुडच्या रानात कीटक वेचीत हिंडे. १८४३ मध्ये ‘झूऑलॉजिस्ट’ मासिकात त्याचे भुंगेऱ्यांवरील टिपण छापून आले, तेव्हा तो अवघा १८ वर्षांचा होता.

त्याच गावी शिक्षक म्हणून आलेल्या आल्फ्रेड रसेल वॉलेसने बेट्सची पेटी पाहिली आणि तो थक्क झाला. गावाभोवतीच्या १० मैलांत भुंगेऱ्यांच्या हजारभर जाती सापडतील, ही कल्पनाच त्याला नव्हती. त्याने टाचण्या, बाटली आणि स्टीफन्सचा ग्रंथ मिळवून संग्रहास आरंभ केला.

भुंगेरा ओळखणे म्हणजे नुसता रंग पाहणे नव्हे. पाठीवरील कठीण पंखांच्या रेघा, शृंगांचे सांधे, पायांच्या टोकांचे खंड, सारे भिंगाखाली मोजावे लागते. दोन जातींत कित्येकदा केसाएवढेच अंतर असते. उलट एकाच जातीचे दोन जीव हुबेहूब नसतात. मग जातीची सीमा कोठे आखावयाची? या प्रश्नानेच वॉलेसला पछाडले. एकाच कुलाचा सखोल अभ्यास करून जातींच्या उत्पत्तीचा छडा लावावा, असे त्याने १८४७ मध्ये बेट्सला लिहिले.

दोघांपैकी कोणीही विद्यापीठाची पायरी चढला नव्हता. घरची संपत्तीही नव्हती. जादा नमुने विकून खर्च भागवावा, एवढ्याच भरवशावर १८४८ मध्ये ते अॅमेझॉनकडे निघाले. परतताना १८५२ मध्ये वॉलेसच्या जहाजाला भर समुद्रात आग लागली आणि अमोल संग्रह भस्मसात झाला. तरी तो खचला नाही. १८५४ मध्ये मलाया द्वीपसमूहाकडे जाऊन त्याने ८३,००० हून अधिक भुंगेरे जमविले. नैसर्गिक निवडीविषयीचा त्याचा निबंध १ जुलै १८५८ रोजी डार्विनच्या लेखनासह लंडनच्या लिनियन सोसायटीत वाचला गेला. ११ वर्षे अॅमेझॉनच्या खोऱ्यात काढून बेट्सने १४,००० हून अधिक जाती आणल्या. १८६२ मध्ये फुलपाखरांच्या अनुकरणाचे रहस्य त्याने उलगडून दाखविले.

डार्विन स्वतःही केंब्रिजमध्ये शिकत असताना भुंगेऱ्यांच्याच मागे वेडा झाला होता. क्षुद्र किड्यातील सूक्ष्म भेद चिकाटीने टिपणाऱ्या नजरेलाच अखेर सृष्टीचा महान नियम दिसला. टाचणीखाली नावाची चिठ्ठी लावणारा हौशी संग्राहक काळ घालवीत नसतो. तो ज्ञानाची वीट रचीत असतो.