लेखणीची उजरत: बगदादच्या वर्राकांपासून गालिबपर्यंत

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी मोठा लेख लिहिला होता. संपादकांनी फोनवर विषय, शब्दमर्यादा आणि मुदत असे सगळे नीट सांगितले. पैशांचे विचारले तेव्हा म्हणाले, "मानधनाचं बघू हो, तुम्ही आपलेच आहात." अंक आला, मानधन आले नाही. पुढे एका कार्यक्रमात त्याच अंकात लिहिणारा एक मित्र भेटला. त्याला पैसे मिळाले होते, कारण त्याने आकडा आधीच ठरवून घेतला होता. आमची दहा वर्षांची मैत्री. पण कोण किती देतो, हे आम्ही एकमेकांना कधीच विचारले नव्हते. विचारणे कमीपणाचे वाटायचे.

आपल्याकडे या संकोचाला मोठेपणाचा मुलामा दिला जातो. लेखन ही सेवा आहे, कौमची खिदमत आहे, तिचा भाव काय करायचा, असे म्हटले जाते. असे बोलणारे कागदवाल्याला आणि छापखान्याला मात्र वेळेवर पैसे देतात. म्हणूनच मुस्लिम जगतात लेखणीवर पोट भरणाऱ्यांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे.

आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला आणि त्यासोबत 'वर्राक' हा व्यवसाय बहरला. अरबीत 'वरक' म्हणजे पान. आपण मिठाईवर लावतो तो वर्ख याच शब्दातून आला. वर्राक कागद विकायचा, ग्रंथांच्या नकला करायचा, बांधणी करायचा आणि पुस्तके विकायचा. नवव्या शतकातला भूगोलकार याकूबी सांगतो की बगदादच्या एका भागात वर्राकांची शंभरहून अधिक दुकाने होती. अरबी ग्रंथांची प्रसिद्ध सूची 'अल-फिहरिस्त' इ.स. 987 च्या सुमारास लिहिणारा इब्न नदीम स्वतः वर्राक होता.

त्याने आपल्या ओळखीच्या याह्या बिन अदीची हकिकत नोंदवली आहे. याह्या हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ, तर्कशास्त्रातला मोठा माणूस. वर्राकांच्या बाजारात इब्न नदीमने त्याला इतक्या नकला करत बसल्याबद्दल टोकले. त्यावर त्याने सांगितले की तबरीच्या कुरआन भाष्याच्या दोन संपूर्ण प्रती आपण स्वतःच्या हाताने लिहून राजेलोकांकडे पोचवल्या आहेत आणि एका दिवस-रात्रीत शंभर पाने लिहितो. एक ख्रिस्ती विद्वान कुरआनच्या भाष्याची नक्कल करून घर चालवतो आणि त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही, असा तो बाजार होता.

याच जगातल्या तीन लेखकांच्या कमाईचा तपशील आपल्याला उपलब्ध आहे. तिघांची गत तीन प्रकारची झाली.

पहिला बसऱ्याचा जाहिज. गरीब घरातला हा मुलगा पुढे अरबी गद्याचा सर्वात नामवंत लेखक झाला. वर्राकांची दुकाने रात्रीपुरती भाड्याने घेऊन तो तिथली पुस्तके वाचत बसायचा, असे सांगतात. त्याने 'किताबुल हैवान' वजीर इब्न जय्यातला अर्पण केले आणि त्याला 5 हजार दिनार मिळाले. आणखी दोन पुस्तके दोन बड्या अधिकाऱ्यांना अर्पण केली, तेव्हाही तेवढेच मिळाले. रक्कम प्रचंड होती. पण ती मजुरी नव्हती, बक्षीस होते आणि देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते. इ.स. 847 मध्ये इब्न जय्यातची खलीफाशी बिघडली आणि छळ होऊन तो मेला. त्याचा माणूस म्हणून जाहिजलाही पळावे लागले. पकडून आणल्यावर केवळ हजरजबाबीपणामुळे तो वाचला.

दुसरा अबू हय्यान तौहीदी. दहाव्या शतकातला हा विद्वान नकला करून जगायचा आणि या धंद्याला उघडपणे अपशकुनी म्हणायचा. त्यातून सुटण्यासाठी तो रय शहरात वजीर साहिब बिन अब्बादकडे गेला. हा वजीर स्वतः साहित्यिक आणि पदरी विद्वान बाळगणारा होता. पण तिथेही तौहीदीपुढे नकलांचेच काम आले. वजीरसाहेबांच्या पत्रांचे तीस खंड उतरवून द्यायचे होते. सगळी पत्रे उतरवण्याऐवजी निवडक काढावीत, असे त्याने सुचवले आणि साहेबांची नाराजी ओढवून घेतली. सुमारे तीन वर्षांनी तो रिकाम्या हाताने बगदादला परतला. नंतर त्याने दोन वजिरांचे वाभाडे काढणारे एक पुस्तक लिहिले. अरबी साहित्यात ते आजही वाचले जाते, पण त्यातून थकलेली मजुरी काही वसूल झाली नाही. आयुष्याच्या शेवटी त्याने आपली पुस्तके जाळून टाकली.

तिसरा इब्न हैसम. प्रकाश आणि दृष्टी यांवरच्या त्याच्या ग्रंथाने पुढे युरोपातही शास्त्रज्ञ घडवले. फातिमी खलीफा हाकिमने त्याला कैरोला बोलावले होते. या लहरी खलीफाच्या भीतीने त्याने वेडाचे सोंग घेतले आणि इ.स. 1021 मध्ये हाकिम नाहीसा झाल्यावरच ते टाकले. मग तो अल-अजहरजवळ राहू लागला. किफ्ती या चरित्रकाराने त्याच्या पुढच्या आयुष्याची नोंद ठेवली आहे. तो दरवर्षी युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा 'अल-मजिस्ती' आणि या दोहोंच्या मधे शिकवले जाणारे ग्रंथ अशा नकला करायचा. त्यांची किंमत होती 150 मिसरी दिनार. घासाघीस नाही. ग्राहकाला दर माहीत, लेखकालाही माहीत. तेवढ्यात त्याचे वर्ष निघायचे आणि उरलेला वेळ त्याच्या स्वतःच्या अभ्यासाचा असायचा.

जाहिजच्या 15 हजार दिनारांपुढे हे 150 दिनार काहीच नव्हेत. पण मला हेवा वाटतो तो इब्न हैसमचा. त्याला पुढच्या वर्षाचा अंदाज होता आणि कुणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते.

आता धर्मशास्त्राकडे वळू. मजुराला त्याचा घाम वाळण्याआधी मजुरी द्या, ही प्रेषितांची शिकवण आपल्या प्रत्येक जलशात ऐकवली जाते. फिकहमधली पुढची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. कामाचा करार वैध ठरायचा असेल, तर उजरत म्हणजे मोबदला आधी माहीत असला पाहिजे. तो संदिग्ध राहिला तर करार सदोष ठरतो. 'बघू', 'देऊ काहीतरी' हे शिष्टाचारात चालत असेल, फिकहमध्ये चालत नाही.

मग अशा करारात काम होऊन गेले, तर ते फुकट जाते का? नाही. हनफी फकीहांनी यासाठी 'उजरत-ए-मिस्ल' सांगितली आहे. तशाच कामाला तशाच माणसाला बाजारात जे मिळते, ते द्यायचे.

खिदमतीच्या युक्तिवादालाही फकीहांनी कधीच उत्तर दिले आहे. कुरआन शिकवण्याचे पैसे घेणे सुरुवातीच्या हनफी विद्वानांना मान्य नव्हते, कारण ती इबादत. नंतरच्या हनफी विद्वानांनी मात्र परवानगी दिली. कारण अगदी व्यवहारी होते. शिकवणाऱ्यांना बैतुलमालमधून मिळणारे वेतन बंद झाले होते. त्यांनी पोट भरण्यासाठी दुसरे काम धरले, तर शिकवणार कोण? कुरआन शिकवण्याबाबत जे मान्य झाले, ते दिवाळी अंकातल्या लेखाबाबत अमान्य कसे होईल?

आपल्या देशात याचे ठळक उदाहरण मिर्झा गालिबचे. 1850 मध्ये बहादूरशहा जफरने त्याला तैमुरी घराण्याचा फारसी इतिहास लिहायला नेमले. सोबत मोठमोठे किताब दिले आणि महिना 50 रुपये पगार ठरवला. आकडा ठरला, पण पैसे मिळायचे सहा महिन्यांतून एकदा. मधल्या काळात सावकार गाठावा लागायचा. शेवटी गालिबने बादशहाला कवितेतूनच अर्ज केला. पगाराचा तिसरा हिस्सा सावकार खातो, हे त्यात उघडपणे सांगितले आणि पगार दरमहा मागितला. ती कविता त्याच्या दीवानात आहे. आपल्या मोठेपणाबद्दल अतिशय जागरूक असलेल्या या माणसाला कर्जाचा हिशेब मांडताना लाज वाटली नाही. मग आपल्याला का वाटावी?

उजरत-ए-मिस्लची एक अट मात्र लक्षात घेतली पाहिजे. बाजारभाव माहीत असेल तरच ती ठरवता येते. कोण किती देतो हे लेखकांनी एकमेकांपासून लपवले, तर भाव फक्त देणाऱ्यालाच माहीत राहतो. लहान नियतकालिकांकडे पैसे नसतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी तसे आधी सांगावे. फुकट लिहायचे की नाही, हे मग मी ठरवीन. मी काही ठिकाणी आनंदाने लिहितोही.

त्या कार्यक्रमानंतर आम्ही चौघा-पाच जणांनी एक वही केली आहे. कुणी लेख मागितला, किती शब्दांचा, किती कबूल केले, किती दिले आणि कधी दिले, एवढेच त्यात लिहितो. नवीन लिहिणारी मुले-मुली विचारतात, तेव्हा ती वही त्यांच्यापुढे ठेवतो. पहिल्याच फोनवर आकडा विचारताना त्यांची जीभ आमच्याइतकी अडखळत नाही.