वसंत ऋतू आणि कोयत्याचा हिशेब

वसंत म्हटला की शहरात आंब्याचा मोहोर, कोकिळेचा सूर आणि संध्याकाळची व्याख्याने आठवतात. बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात, चकलांबा आणि त्याच्या पंचक्रोशीत, वसंताची खूण निराळी आहे. पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीला गेलेली माणसे परतू लागतात आणि पाच-सहा महिने कुलूप लागलेली दारे उघडतात. या परतीमागचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडणार आहोत.

पाडव्याशी शेतमजुराचे नाते जुनेच आहे. सालगडी पाडव्याला धरला जाई आणि पुढच्या पाडव्याला सुटे. त्या चाकरीत सुख होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण वर्ष गावात सुरू होऊन गावातच संपे. ही घडी मोडली ती अवर्षणाने आणि साखरेने. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने प्रवरानगरला उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. पाठोपाठ इतर कारखाने निघाले. त्यांना हंगामापुरते हात हवे होते. पर्जन्यछायेतल्या बीडला काम हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट पक्की रुळवली. पुढे जायकवाडीच्या उजव्या कालव्याने गेवराईच्या काही शिवारांत ऊस आणला. तरी कोरडवाहू गावांतून कोयता बाहेर जातच राहिला.

आता हिशेब पाहा. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती टनावर फेडायची. थंडीत उसात रस व साखर भरते, मोळी जड लागते, हिरवे वाढे विकून मीठमिरचीचा खर्च भागतो. होळी झाली की चित्र पालटते. पाण्याचा ताण बसलेला ऊस हलका होतो. तोडलेला ऊस उन्हात सुकून वजनात घटतो, त्यातील साखर नासू लागते व कारखान्याचा उतारा घसरतो. वाढे वाळते, पाचट अंगाला अधिक कापते. म्हणजे घाम तितकाच किंवा जास्त, आणि काट्यावर टन मात्र कमी! उरलेली बाकी अंगावर घेऊन माणूस गावी परततो, आणि पुढच्या दिवाळीला त्याच मुकादमाच्या दारी उभा राहतो.

२०२१-२२ साली ऊस अमाप पिकला आणि गाळप जूनपर्यंत लांबले. उतारा घटला व ऊस लांबून आणावा लागला म्हणून मे २०२२ मध्ये राज्य सरकारने अनुदानाचा निर्णय घेतला. तो योग्यच होता. कारण उन्हाने नुकसान होते हे सरकारनेच त्यात मान्य केले.

मापाचा हा झगडा केवळ आपलाच नव्हे. इंग्लंडात केंट परगण्यात हॉप नावाच्या वेलीचे मळे आहेत. तिच्या फुलांनी बिअरला कडवटपणा येतो. वसंतात दोऱ्या बांधून वेल चढवीत आणि सप्टेंबरात फुले तोडायला लंडनच्या पूर्व भागातील कष्टकरी कुटुंबे मुलाबाळांसह येत, मळ्यातल्या खोपटांत राहत. एका शिलिंगाला किती बुशेल फुले भरायची, यावरून तेथे संप होत. गेल्या शतकाच्या मध्यानंतर यंत्रे आली आणि ते हंगामी काम संपत गेले. आपल्याकडेही ऊसतोडणी यंत्रे फडात उतरली आहेत.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीदरात ३४ टक्के वाढ मिळाली. हे संघटनेचे बळ आहे, आणि ते आम्ही कमी लेखीत नाही. परंतु दर वाढला तरी माप तेच राहिले. म्हणून आमची मागणी साधी आहे: होळीनंतरच्या तोडीला टनामागे वेगळा, चढा दर हवा, भर दुपारी काम बंद, फडावर सावली व पाणी हवे, आणि हे सारे करारात लेखी हवे. श्रोतेहो, उन्हाने घटलेला उतारा कारखान्याच्या वहीत नोंदला जातो. तोडणाऱ्याची घट त्याच वहीत शेजारच्या रकान्यात लिहायला कोणाची हरकत असावी?