झरोका आणि भिंत

गोंडपिपरीहून आष्टीकडे निघालं की वैनगंगेचा पूल लागतो आणि पलीकडे गडचिरोली जिल्हा सुरू होतो. आष्टीला केंद्रीय जल आयोगाचं पाणी मोजण्याचं केंद्र आहे. मोठ्या पुरात हा रस्ता बंद पडलेला आहे. अशा नदीकाठी पातळी मोजणारं छोटं यंत्र बसवलं, त्यातला प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे बाकीच्या यंत्रापासून वेगळ्या केलेल्या पेटीत, ठेवला आणि तो ऐन पुरात अडकला, तर दुरुस्त करणाऱ्याला चंद्रपुरात किंवा पुण्यात बसूनच त्याच्या आत पाहावं लागतं. हे रिमोट डीबगिंग वारंवार अडतं. का अडतं, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे.

इथे दोन कुळं एकत्र आली आहेत आणि दोन्हींचं मूळ घर एकच, बेल लॅब्जचं युनिक्स. १९७५च्या सहाव्या आवृत्तीत 'पीट्रेस' आलं: एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला थांबवायचं आणि त्याची मेमरी वाचायची. १९७९च्या सातव्या आवृत्तीत 'सीएचरूट' आलं: प्रोग्रॅमला एका फोल्डरपुरतंच जग दाखवायचं. एकानं झरोका पाडला, दुसऱ्यानं भिंत बांधली.

झरोक्याच्या कुळात १९८६ साली रिचर्ड स्टॉलमन यांचा जीडीबी आला. पुढे त्याचे दोन भाग करता येऊ लागले: मोठा डीबगर टेबलावर, लहानसा मदतनीस यंत्रावर आणि मध्ये एक सिरियल केबल. प्रत्येक संदेश डॉलरच्या चिन्हानं सुरू होतो, शेवटी हॅश आणि दोन अंकांची बेरीज-तपासणी. नीट पोचला तर उत्तरात अधिकचं चिन्ह, बिघडला तर वजाचं. मला ही रचना फार मोलाची वाटते. मूळ कोड, फंक्शनांची नावं, सगळं ज्ञान टेबलावरच राहतं. यंत्रानं फक्त थांबायचं, वाचून दाखवायचं, सांगितलं तर बदलायचं. म्हणून तुटपुंज्या मेमरीच्या यंत्रालाही हे झेपतं. आजचा जीडीबीसर्व्हर हेच करतो.

भिंतीच्या कुळात २००० साली फ्रीबीएसडीची 'जेल' आली, २००२पासून लिनक्सच्या नेमस्पेस, २००८मध्ये सीग्रुप आणि २०१३ साली डॉकर. सर्व्हरसाठी घडलेली ही पेटी लवकरच रास्पबेरी पायसारख्या बोर्डांवरही उतरली.

तिथे दोन्ही कुळं समोरासमोर आली. जुन्या कर्नलमध्ये पीट्रेस वापरून सेककॉम्पचा, म्हणजे प्रोग्रॅमनं कर्नलकडे काय मागावं यावरचा, पहारा चुकवता येत असे, म्हणून डॉकरनं ते मुळातच बंद ठेवलं होतं. २०१६च्या ४.८ कर्नलमध्ये ती फट बुजली. त्यानंतरच डॉकरनं, तेही काही वर्षांनी, ही बंदी सैल केली. शेतात, जंगलात बसवलेली यंत्रं मात्र वर्षानुवर्षं जुन्याच कर्नलवर चालतात. त्यामुळे 'परवानगी नाही' असं उत्तर आलं, तर आधी कर्नलची आवृत्ती आणि कंटेनरला पीट्रेसची मुभा दिली आहे का, ते पाहावं.

जोडणीच नाकारली गेली, तर जीडीबीसर्व्हर बहुधा कंटेनरच्या आतल्या लूपबॅक पत्त्यावर, म्हणजे फक्त आतूनच पोचता येईल अशा जागी, ऐकत असतो किंवा पोर्ट बाहेर उघडलेलंच नसतं. पण ते सगळ्या जगाला उघडणं घातक आहे, कारण या संवादात पासवर्ड नावाची गोष्टच नाही. फिनलंडच्या टाटू युलोनेन यांनी १९९५ साली लिहिलेलं एसएसएच इथे उपयोगी पडतं: मोबाइल सिमवरच्या यंत्रानं स्वतःहून बाहेर बोगदा काढायचा आणि त्यातून डीबगर आत न्यायचा.

जोडणी झाली पण ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, भलत्याच ओळीवर पडतो, तर यंत्रावरची फाइल आणि टेबलावरची फाइल एकाच बिल्डच्या नाहीत. दोन्हींचा बिल्ड-आयडी जुळवावा. लायब्ररीही यजमान यंत्राच्या नव्हे, कंटेनरमधल्याच घ्याव्यात. आणि ब्रेकपॉइंटवर थांबताच जोडणी तुटत असेल, तर प्रोग्रॅम जिवंत आहे का यावर नजर ठेवणाऱ्या वॉचडॉगवर संशय घ्यावा. थांबलेला प्रोग्रॅम त्याला मेलेला वाटतो आणि तो सगळं पुन्हा सुरू करतो.

१९९७ साली मंगळावरचं पाथफाइंडर यान असंच पुन्हापुन्हा रीसेट होत होतं. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर तो बिघाड पुन्हा घडवून आणला, प्राधान्यक्रमाचा गुंता शोधला आणि दुरुस्ती मंगळावर धाडली. नदीकाठच्या यंत्रालाही हीच रीत लागू पडते. तोच बोर्ड आणि तीच इमेज टेबलावर ठेवावी, पुरातल्या यंत्राकडून फक्त कोअर डंप, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, मागवावा. तो कुठे पडावा हे यजमानाच्या कर्नलची सेटिंग ठरवते, आणि कंटेनरच्या आत पडलेला डंप कंटेनर काढताच नाहीसा होतो. म्हणून पावसाळ्याआधीच त्याच्यासाठी बाहेरचा व्हॉल्यूम जोडून ठेवायला हवा.