श्वास, तराजू आणि पाणी

दीघनिकायात पायासी सुत्त आहे. पायासी हा कोसल देशातला, सेतव्येचा सत्ताधीश. परलोक वगैरे काही नाही, हे त्याचं ठाम मत. पुरावा म्हणून तो सांगतो: एका चोराला जिवंतपणी तोललं, मग धनुष्याच्या दोरीनं गळा आवळून मारलं आणि पुन्हा तोललं. मेल्यावर तो जड भरला! जीव निघून गेला असता तर हलका नको का व्हायला? कुमार कस्सप उत्तर देतो, तापलेला लोखंडी गोळा थंड गोळ्यापेक्षा हलका असतो, तसंच हे.

मी वर्गात हा युक्तिवाद वर्षानुवर्षं शिकवला. एकदा एका मुलीनं विचारलं, "सर, पण वजन खरंच वाढतं का?" मी गप्प. दोन्ही पक्षांचं तर्कशास्त्र तपासलं होतं, तराजू कुणीच तपासला नव्हता, मीसुद्धा नाही.

वजन वाढत नाही. प्रेत जड लागतं, हे खांदा दिलेल्यांना माहीत आहे, पण ते अंग सैल पडल्यामुळे. आणि श्वासाचं म्हणाल तर लिटरभर हवा सव्वा ग्रॅमच्या आसपास. ती आत घेतली की छाती तेवढीच फुगते, बाहेरची तेवढीच हवा बाजूला सारते. तराजूच्या लेखी हिशेब जवळजवळ शून्य.

पाण्यात मात्र तोच श्वास किलोभर उचलतो, कारण आता बाजूला सरतं ते लिटरभर पाणी. लहानपणी विहिरीत पाठीला भोपळा बांधून ढकलायचे, आठवतंय ना? भरलेली छाती म्हणजे आतला भोपळाच.

हीच गोष्ट 1942 मध्ये अमेरिकी नौदलाच्या डॉ. आल्बर्ट बेंके यांनी कामाला लावली. माणसाला पाण्याखाली तोलायचं आणि घनता काढायची. चरबी हलकी, स्नायू जड. अडचण श्वासाचीच! पूर्ण उच्छ्वास सोडला तरी फुप्फुसात लिटर-सव्वा लिटर हवा उरते. ती वजा केली नाही, तर ऐंशी किलोच्या सडपातळ माणसाची चरबी, नंतर रूढ झालेल्या सूत्रानं, साडेबाराऐवजी एकोणीस टक्क्यांच्या घरात दिसते. बेंके यांनी ती वजा केली. त्यांनी तपासलेल्या पंचवीस व्यावसायिक फुटबॉलपटूंपैकी सतरा जण उंची-वजनाच्या तक्त्यानुसार लठ्ठ, म्हणून सैन्याला नालायक ठरत होते. पाण्यानं सांगितलं, ते वजन बहुतेकांच्या बाबतीत चरबीचं नव्हतंच.