कलकत्त्यातील चांगल्या वाइनचा पत्ता

अठराव्या शतकातील कलकत्त्यात चांगली वाइन हवी असलेला माणूस आधी दुकान शोधत नसे. हुगळीत कोणते जहाज लागले आहे याची चौकशी करी. बंगालच्या दमट हवेत वाइनजोगी द्राक्षे पिकत नव्हती. बाटल्या आणि पिंपे युरोपातून आफ्रिकेला वळसा घालून येत, वाटेत दोनदा विषुववृत्त ओलांडले जाई आणि एवढ्या महिन्यांच्या उकाड्यात बराच माल आंबून जाई. या नासाडीची जोखीम जो पत्करील त्याच्याकडे चांगली बाटली मिळे. ही जोखीम पत्करणारा पुढे वेळोवेळी बदलत गेला आणि त्याच्याबरोबर वाइनचा पत्ताही हलत राहिला.

याला अपवाद मदेराचा. इंग्लंडहून निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे अटलांटिकमधल्या मदेरा बेटावर थांबत आणि तिथली वाइन भरून घेत. तिच्यात द्राक्षाचा मद्यार्क मिसळलेला असल्याने ती टिके. शिवाय जहाजाच्या पोटातील उष्णतेने आणि हेलकाव्यांनी ती बिघडण्याऐवजी सुधारते, असा व्यापाऱ्यांचा अनुभव होता. मग हिंदुस्थानची सफर करून आलेली मदेरा लंडनमध्ये मुद्दाम चढ्या भावाने विकली जाऊ लागली. बोर्दोची क्लॅरेट ही लाल वाइन मात्र नाजूक. कलकत्त्यात ती धडपणे पोहोचली तर नशीब. मराठ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये खणायला घेतलेल्या खंदकाच्या आत राहणाऱ्या गोऱ्या वस्तीत मदेरा रोजची आणि क्लॅरेट प्रतिष्ठेची, असा भेद पडला त्यामागे चवीइतकेच हे गणितही होते.

माल आणणारे व्यापारी बहुधा जहाजावरचेच असत. कप्तान आणि इतर अधिकारी यांना ठरावीक जागेपुरता खासगी व्यापार करण्याची कंपनीची मुभा होती. ते मद्य, चीज, टोप्या, काचसामान असे काहीबाही भरून आणत आणि बंदरात पोहोचताच विकून मोकळे होत. विलायती मालाच्या दुकानांना ‘युरोप शॉप’ म्हणत. त्यांचे मालक हा माल घाऊक उचलत आणि उरलेला लिलावात जाई. साहजिकच एकाच वेळी चार जहाजे आली की भाव पडत आणि महिनोन्‌महिने जहाज आले नाही की गगनाला भिडत. १७८० मध्ये कलकत्त्यात संसार थाटलेल्या एलायझा फे या वकिलाच्या पत्नीने घरी लिहिलेल्या पत्रांत बाजारभाव नोंदवले आहेत. अख्खी मेंढी दोन रुपयांना मिळत असताना क्लॅरेटच्या डझनाला साठ रुपये पडत होते. म्हणजे एका बाटलीच्या किमतीत अडीच मेंढ्या. मेजवान्यांत मात्र ही महागाई कुणाच्या गावी नसे, हे त्याच काळातील विल्यम हिकी या वकिलाच्या आठवणींवरून कळते. (त्याच वर्षी जानेवारीत ‘बंगाल गॅझेट’ हे हिंदुस्थानातील पहिले वृत्तपत्र काढणारा जेम्स ऑगस्टस हिकी हा वेगळा, दोघांची गल्लत नेहमी होते.) बातम्यांइतकाच अशा वृत्तपत्रांचा उपयोग नव्या मालाची आणि लिलावाची वर्दी मिळण्यासाठी होई. चोखंदळ गिऱ्हाईक लिलावात बोली लावण्याआधी पिंपातली वाइन चाखून बघे.

दुकानांचा दुसरा थर लालबाजारच्या आसपास होता. तिथल्या ‘हार्मोनिक टॅव्हर्न’मध्ये प्रतिष्ठितांचे नाच आणि जेवणावळी चालत, तर गल्ल्यांतील पंच-हाउसमध्ये खलाशी अरक, लिंबू आणि साखर घातलेला पंच पीत. वाइन या खलाशांच्या आवाक्याबाहेरची होती.

जहाज सुखरूप लागले तरी उकाडा उरेच. सधन घरांत पाणी आणि पेये गार करण्यासाठी आबदार नावाचा स्वतंत्र नोकर असे. तो शोऱ्याच्या पाण्यात बाटल्या फिरवून त्या थंड करी. १८३३ मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने ‘टस्कनी’ जहाजातून बर्फ पाठवला. निघताना तो १८० टन होता, सप्टेंबरात कलकत्त्यात पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन उरला होता, आणि तरीही शहर हरखून गेले. गोऱ्या रहिवाशांनी वर्गणी काढून बर्फघर उभारले. पुढे जवळपास अर्धशतकभर अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ बंगालमध्ये क्लॅरेट गार करत होता. १८७८ मध्ये बंगाल आइस कंपनी निघाली आणि कारखान्यातल्या बर्फाने ही आयात बंद पाडली.

ज्या दशकात बर्फ स्थिरावला त्याच दशकाच्या अखेरीस चांगल्या वाइनचा पत्ता हॉटेलाकडे सरकला. डेव्हिड विल्सन या बेकरीवाल्याने १८४० मध्ये ‘ऑकलंड हॉटेल’ काढले. तेच पुढे ‘ग्रेट ईस्टर्न’ झाले. खाली विलायती मालाचे भांडार, वर राहायची सोय. बंगाली लोक त्याला विल्सनचे हॉटेल म्हणत आणि सनातनी घरांत ते नाव धर्मभ्रष्टतेचे प्रतीक होते. हिंदू कॉलेजात डेरोझिओ या शिक्षकाच्या प्रभावाखाली वाढलेल्या तरुणांनी मद्यपान हे बंडखोरीचे चिन्ह ठरवले होतेच. द्वारकानाथ ठाकूर आपल्या बेलगाछियाच्या बागेत साहेबांना विलायती मद्याच्या मेजवान्या देत. त्याची प्रतिक्रियाही तितकीच जोरदार होती: १८६० च्या दशकात प्यारीचरण सरकारांनी मद्यपाननिषेधाची संघटना उभी केली, केशवचंद्र सेनांच्या चळवळीतून १८७१ मध्ये ‘मद ना गरल’ हे मासिक निघाले. दीनबंधू मित्रांच्या ‘सधवार एकादशी’ या नाटकातला बुद्धिमान आणि दारूत बुडालेला निमचंद मराठी वाचकाला गडकऱ्यांच्या सुधाकराचा वडीलभाऊ वाटेल.

१८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर जुनी सगळी घडी विस्कटली. प्रवास काही आठवड्यांवर आला, जहाजांना मदेरा बेटावर थांबायचे कारण उरले नाही, आणि त्या बेटावरच्या मळ्यांनाही १८५० च्या दशकात बुरशीने व १८७० च्या दशकात फायलोक्सेरा या किडीने झोडपले. याच किडीने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केल्यावर ब्रँडी दुर्मीळ झाली आणि ‘ब्रँडी-पाणी’ची जागा व्हिस्की-सोड्याने घेतली. आता धंदा नावाजलेल्या पेढ्यांच्या हाती गेला. लेबलावर पेढीचे नाव असे आणि माल खराब निघाला तर त्या नावाला बट्टा लागे. कलकत्त्यात जी. एफ. केल्नर कंपनी मद्याचा व्यापार करी आणि ईस्ट इंडियन रेल्वेची उपाहारगृहेही चालवी, त्यामुळे तिची क्लॅरेट हावड्यापासून वर उत्तरेकडे स्टेशनास्टेशनांवर मिळे. मुंबईत हेच स्थान फिप्सन कंपनीचे होते. तिचा मालक हर्बर्ट फिप्सन निसर्गप्रेमी निघाला, म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सुरुवातीचे संग्रहालय चक्क वाइनच्या दुकानातल्या खोलीत भरले.

या काळात देशी वाइनचीही एक संधी आली आणि गेली. १८८३-८४ च्या कलकत्ता आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात हिंदुस्थानी वाइन मांडल्या गेल्या आणि त्यांचे स्वागतही झाले. पण पुढच्याच दशकात फायलोक्सेरा इथल्या मळ्यांपर्यंत पोहोचली आणि तो प्रयत्न जिरला.

विसाव्या शतकात जहाज आणि उकाडा यांच्या जागी अबकारी खाते आले. १९०९ च्या बंगाल अबकारी कायद्याखाली देशी आणि विदेशी मद्याचे परवाने वेगळे, बसून पिण्याचे आणि बाटली घरी नेण्याचे परवानेही वेगळे. आजही कोलकात्यात दुकानांवर ‘एफ. एल. ऑफ शॉप’ अशी पाटी दिसते ती याच विभागणीमुळे. फरक महाराष्ट्राच्या तुलनेत जाणवतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबई इलाख्यात पिणाऱ्यालाही परवाना घ्यावा लागला आणि तो नियम कागदावर अजून आहे. पश्चिम बंगालमध्ये संपूर्ण दारूबंदी कधी आलीच नाही. त्यामुळे पन्नास-साठच्या दशकांत मुंबईकर चोरून पीत असताना पार्क स्ट्रीटवर ‘ट्रिंकाज’ आणि ‘मोकॅम्बो’मध्ये संगीताच्या साथीने प्याले भरत होते. बाहेरगावच्या पाहुण्याला अनेक दशके एकच गोष्ट लक्षात ठेवावी लागे: गुरुवारी दुकाने बंद.

वाइन मात्र या वर्षांत जवळजवळ हद्दपार होती. परकीय चलनाच्या टंचाईने आयात आवळली गेली होती आणि गिऱ्हाइकाचा ओढा व्हिस्की-रमकडे होता. ती परतली ती नारायणगाव आणि नाशिकच्या मळ्यांतून आणि २००१ मध्ये आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध उठल्यावर. तरी बाहेरच्या वाइनवरचे सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिल्याने निवड आखूडच राहिली.

२०१७ पासून पश्चिम बंगालमध्ये मद्याची घाऊक विक्री सरकारी महामंडळाकडे आहे. सगळ्या परवानाधारकांना माल एकाच पुरवठादाराकडून मिळतो आणि छापील किमतीही राज्यभर सारख्या, त्यामुळे भावाची घासाघीस संपली. उरतो तो फरक साठवणुकीचा. काउंटरमागे उन्हाच्या झोतात महिनोन्‌महिने उभी राहिलेली बाटली आणि वातानुकूलित खोलीत आडवी ठेवलेली, लवकर खपणारी बाटली एकाच किमतीला मिळते. पार्क स्ट्रीट, न्यू मार्केटचा परिसर आणि दक्षिणेकडच्या मॉलमधल्या दुकानांत दुसऱ्या प्रकारची शक्यता जास्त, कारण तिथे वाइन मागणारे गिऱ्हाईक रोज येते.