आश्रय, मानधन आणि मोठेपण : महाराष्ट्रातील कुस्ती व क्रिकेट यांचा तौलनिक विचार

प्रस्तावना

खेळाडूच्या प्राप्तीवरून त्याचे मोठेपण ठरविण्याची प्रवृत्ती अलीकडे दृढ झाली आहे. लिलावातील बोली, कराराची श्रेणी आणि जाहिरातींचे मानधन यांचे आकडे वृत्तपत्रांत छापून येतात आणि तेच गुणवत्तेचे दाखले समजले जातात. या मापाने पाहिल्यास महाराष्ट्रातील कुस्तीगीर क्रिकेटपटूपेक्षा फार खालच्या पायरीवर उभा दिसतो. सांघिक खेळांत पैसा असतो, द्वंद्वक्रीडेत नसतो, असे या तफावतीचे स्पष्टीकरण सहजपणे दिले जाते. इतिहास मात्र या विधानास दुजोरा देत नाही. मानधन हे खेळाडूच्या थोरवीपेक्षा त्या खेळाला लाभलेल्या आश्रयाचे आणि त्याच्या उत्पन्नावरील मालकीचे माप आहे, हे विसाव्या शतकातील कुस्ती व क्रिकेट यांच्या तुलनेतून दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

दरबाराचा समान आश्रय

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या दोन्ही खेळांचा पोशिंदा एकच होता, तो म्हणजे संस्थानिक. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४-१९२२) तालमींना उत्तेजन दिले आणि १९१२ मध्ये खासबागचे मैदान पूर्णत्वास नेले. दूध, तूप, बदाम असा पैलवानाचा खुराक सामान्य शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असे. तो भार दरबाराने उचलल्यामुळेच खेड्यातील मुलगा मल्ल होऊ शकला. मैदानातील इनाम ही या नियमित आधाराखेरीजची प्राप्ती होती.

क्रिकेटची स्थितीही फारशी वेगळी नव्हती. नागपूरचे सी. के. नायडू होळकर संस्थानाच्या सैन्यात अधिकारी होते. १९३२ मध्ये पहिल्या कसोटीत भारताचे नेतृत्व करणारा हा खेळाडू दरबारी नोकरीवर जगत होता. पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय क्रिकेट संघाचे नेतृत्व त्यांनी केले. पुढे १९२८ मध्ये गामा पैलवानाने झिबिस्कोला काही क्षणांत चितपट केले, ती कुस्तीही पतियाळातच झाली. एकाच राजाच्या खजिन्यातून मल्ल आणि फलंदाज दोघेही पोसले जात होते.

मात्र आश्रय आणि गुणवत्ता यांचे गणित त्याही काळात जुळत नव्हते. १९११ च्या त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारे पाळवणकर बाळू यांनी पुण्यात मैदानाची निगा राखण्याचे काम महिना अवघ्या चार रुपयांवर केले होते. जातीमुळे त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. अर्थात, बाळूंच्या पगाराचा आकडा त्यांच्या गोलंदाजीपेक्षा तत्कालीन समाजाविषयीच अधिक सांगतो.

विलीनीकरणानंतरची दुभंगलेली वाट

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय संपला आणि येथूनच दोन्ही खेळांच्या वाटा वेगळ्या झाल्या. मुंबईतील क्रिकेटला उद्योगसमूह व बँका यांचा नवा आधार मिळाला. अजित वाडेकर स्टेट बँकेत आणि सुनील गावसकर निरलॉनमध्ये नोकरीस होते. या नोकऱ्यांतून कोणी श्रीमंत झाले नाही. तथापि सामन्यात धावा झाल्या नाहीत म्हणून पगार थांबत नसे.

कुस्तीला आधार मिळाला तो गावच्या जत्रेचा. मुलांच्या रेवड्यांवरील कुस्त्यांपासून अखेरच्या मोठ्या जोडीपर्यंत सर्व इनामे लोकवर्गणीतून ठरत. येथे प्राप्ती त्या त्या कुस्तीपुरती असे. हंगाम चार-सहा महिन्यांचा, खुराक मात्र बारमाही. गुडघा किंवा खांदा दुखावला की उत्पन्न बंद. पुढे सहकारी साखर कारखान्यांनी काही मल्लांना मानधन सुरू केले, पोलीस व रेल्वे खात्यांनी नोकऱ्या दिल्या. पण खेळाच्या उत्पन्नातील हक्काचा वाटा मल्लाला मिळवून देणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

खाशाबा जाधव यांचा हिशेब

या स्थित्यंतराचे सर्वांत ठळक उदाहरण कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव (१९२६-१९८४) हे होय. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने गेले व सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी ते साहाय्य उरले नव्हते. अखेर राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसरे मिळण्यास १९९६ साल उजाडावे लागले. परतल्यावर गावाने बैलगाड्यांची मिरवणूक काढली आणि त्यानंतर या पदकविजेत्याने कुस्त्यांची मैदाने लढवून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर, २००० सालचा. पदकाने मोठेपण सिद्ध झाले होते, त्याच पदकाने कर्जही झाले होते. दोहोंना जोडणारी व्यवस्था मात्र नव्हती.

दोन प्रतिउदाहरणे

येथे असा आक्षेप संभवतो की हा केवळ वैयक्तिक व सांघिक खेळांतील फरक आहे. दोन उदाहरणे त्याचे निराकरण करतात. हेलसिंकीतच भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक पटकावले. हॉकी सांघिक खेळ आणि त्यातील यश कुस्तीहून कितीतरी मोठे. तरीही हॉकीपटू धनवान झाले नाहीत. सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेल्या ध्यानचंद यांचे १९७९ मध्ये दिल्लीत रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात निधन झाले.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे. ८ मार्च १९७१ च्या एका लढतीसाठी महंमद अली व जो फ्रेझर या मुष्टियोद्ध्यांना प्रत्येकी २५ लाख डॉलर मिळाले. पुढच्याच वर्षी हँक एरन यांचा वार्षिक दोन लाख डॉलरचा करार हा बेसबॉलमधील तोवरचा सर्वांत मोठा करार ठरला. तेथे द्वंद्वक्रीडाच वरचढ होती, कारण करारातील राखीव कलमामुळे बेसबॉलपटू आपल्या क्लबशी जखडलेला असे, तर अली-फ्रेझर यांच्यावाचून ती लढतच होणार नव्हती. डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने ते बंधन सुटले आणि बेसबॉलपटूंचे वेतन झपाट्याने वाढले. त्यांचे खेळातील कौशल्य त्या महिन्यात अचानक वाढले नव्हते. वाढली होती ती सौदा करण्याची शक्ती.

प्रक्षेपणहक्काची क्रांती

भारतीय क्रिकेटमध्ये हा बदल प्रक्षेपणहक्काने घडविला. १९८३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला बक्षीस देण्यास नियामक मंडळाकडे पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर यांच्या दिल्लीतील कार्यक्रमातून निधी उभारून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. थोडक्यात, विश्वविजेते क्रिकेटपटूही तेव्हा वर्गणीच्याच अर्थव्यवस्थेत होते. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. प्रक्षेपणावरील सरकारी मक्तेदारी सैल झाली व मंडळाला हक्क विकण्याचा मार्ग मोकळा झाला. २००४ मध्ये वार्षिक करारपद्धती आली, २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीग सुरू झाली आणि २०२२ मध्ये या लीगचे पाच वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. १९८३ चा संघ आजच्या संघाहून कमी प्रतीचा होता, असे या आकड्यांवरून कोणी म्हणणार नाही.

मोठेपणाच्या नोंदी

आणखी एक भेद इतिहासकाराने ध्यानात घ्यावा. क्रिकेटमध्ये प्रत्येक धाव नोंदविली जाते, त्यामुळे सरासरीच्या आधारे पिढ्यांची तुलना शक्य होते. कुस्तीचा निकाल मातीत लागतो आणि लोकांच्या बोलण्यात राहतो. जत्रेतील शेकडो कुस्त्यांचा लेखी हिशेब क्वचितच आढळतो. नोंद नसल्याने मल्लाचे मोठेपण विकता येत नाही आणि कालांतराने ते सिद्धही करता येत नाही. मानधनातील तफावत अशा रीतीने स्मृतीतील तफावत बनते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की खेळाडूचे मानधन हा त्याच्या मोठेपणाचा पुरावा नसून खेळाच्या उत्पन्नावर कोणाची मालकी आहे, याचा पुरावा आहे. राजाश्रय, नोकरी, जत्रा आणि प्रक्षेपण या आश्रयाच्या चार प्रकारांनी समान गुणवत्तेच्या माणसांना अगदी असमान आयुष्ये दिली. कोल्हापूर, सांगली, सातारा परिसरातील जत्रा समित्यांची हिशेबवह्या, मैदानांची हस्तपत्रके आणि वृद्ध मल्लांच्या आठवणी वेळीच संकलित केल्या, तर या इतिहासाची दुसरी बाजू लिहिता येईल. हे काम महाविद्यालयांनी करणे उचित ठरेल. खाशाबांच्या हेलसिंकी प्रवासासाठी दरबार उरला नव्हता आणि बाजार अजून उभा राहिला नव्हता, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते एका महाविद्यालयाचे प्राचार्यच होते.