हवामानबदल अनुकूलन : महाराष्ट्र शासनातील समन्वय

हवामानबदल अनुकूलन : बदलत्या हवामानामुळे माणसे, पिके, जनावरे आणि वस्त्या यांचे होणारे नुकसान कमी व्हावे, यासाठी शेती, पाणी, आरोग्य, बांधकाम आणि किनारपट्टी यांच्या व्यवस्थेत आगाऊ केलेले फेरबदल. हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटवण्याच्या कामाला ‘शमन’ म्हणतात आणि त्याची उद्दिष्टे मुख्यतः राष्ट्रीय पातळीवर ठरतात. अनुकूलन मात्र नदीखोऱ्यात, गावशिवारात आणि शहराच्या वॉर्डात करावे लागते. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती, पाणी, सार्वजनिक आरोग्य, जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यसूचीत असल्याने त्याचा बहुतांश भार राज्यशासनांवर येतो. एका अतिवृष्टीने कृषी, जलसंपदा, मदत व पुनर्वसन, आरोग्य, नगरविकास, ग्रामविकास, ऊर्जा अशा अनेक विभागांना एकाच वेळी काम लागते. या सर्वांनी एकच अंदाज प्रमाण मानून आणि एकमेकांचे काम न बिघडवता तयारी करणे, म्हणजे अनुकूलनातील शासकीय समन्वय. या नोंदीत महाराष्ट्रातील समन्वयाचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न विशेष अवघड होतो, कारण राज्याचे हवामान एकजिनसी नाही. आंबोलीला वर्षाला सुमारे ७,००० मिमी. पाऊस पडतो, तर सह्याद्रीच्या पूर्वेकडील माण, जत यांसारख्या तालुक्यांना ५०० मिमी.च्या आसपास समाधान मानावे लागते. राज्याची चार पंचमांशाहून अधिक शेती पावसाच्या भरवशावर आहे. विदर्भात उन्हाची काहिली, मराठवाड्यात अवर्षण आणि त्याच्याच पाठोपाठ गारपीट किंवा ढगफुटीसारखा पाऊस, कोकणात चक्रीवादळे आणि दरडी, कृष्णा-पंचगंगेच्या काठी महापूर असे वेगवेगळे धोके एकाच मंत्रालयाला हाताळावे लागतात.

केंद्र सरकारने ३० जून २००८ रोजी राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखडा जाहीर केला. त्यात आठ अभियाने होती. २००९ मध्ये राज्यांना आपापले आराखडे तयार करण्यास सांगण्यात आले. त्याच वर्षी गुजरातने हवामानबदलासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला. महाराष्ट्राने २०१० मध्ये टेरी या संस्थेकडे अभ्यास सोपवला. ब्रिटनच्या हवामान कार्यालयाच्या सहकार्याने झालेल्या या अभ्यासाचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्यांच्या असुरक्षिततेची क्रमवारी लावताना त्यात नंदुरबार हा सर्वाधिक जोखमीचा जिल्हा ठरला. क्रमवारीत केवळ पाऊस आणि तापमान धरलेले नव्हते. लोकांची परिस्थिती, शेतीवरचे अवलंबन आणि संकट सोसण्याची ताकदही मोजली होती, आणि हे या अभ्यासाचे मोठे मोल आहे. त्यावर आधारित राज्य धोरणाला मंत्रिमंडळाची मान्यता २०१७ मध्ये मिळाली. अभ्यास सोपवण्यापासून मान्यतेपर्यंत सात वर्षे गेली आणि या काळात मराठवाड्याने एकापाठोपाठ एक दुष्काळ सोसले. दस्तऐवजात विभागवार शिफारशी होत्या. त्या प्रत्येक विभागाच्या अर्थसंकल्पात उतरवण्याची सक्ती नव्हती. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ येथे आहे.

समन्वयाची जबाबदारी पर्यावरण विभागाकडे आली. २०२० मध्ये त्याचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे झाले. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद आणि विभागांतर्गत राज्य वातावरणीय कृती कक्ष अशी रचनाही उभी राहिली. या रचनेचा उपयोग आहे, कारण माहिती, प्रशिक्षण आणि जिल्हा आराखडे यांना आता ठरलेला पत्ता मिळाला. परंतु मंत्रालयात खरी ताकद वित्त, नियोजन, महसूल आणि जलसंपदा या विभागांकडे असते. पर्यावरण विभाग दुसऱ्या विभागाच्या धरणाचे परिचालन, रस्त्याच्या मोरीचा आकार किंवा बी-बियाण्यांचे अनुदान बदलू शकत नाही. एकट्या पाण्याचेच उदाहरण पाहावे : धरणे व कालवे जलसंपदा विभागाकडे, बंधारे व पाणलोटाची कामे मृद व जलसंधारण विभागाकडे, तर पिण्याचे पाणी आणि विहिरींची पातळी मोजणारी भूजल सर्वेक्षण यंत्रणा पाणीपुरवठा विभागाकडे. एका विभागाच्या अनुदानातून प्लास्टिकचे अस्तर घातलेले शेततळे होते, ते भर उन्हाळ्यासाठी विहिरीच्या पाण्याने भरून ठेवले जाते, आणि त्याच गावाची भूजलपातळी घसरल्याची नोंद दुसऱ्या विभागाच्या दप्तरी होते. दोन्ही विभागांचे काम नियमानुसार झालेले असते. पाणी मात्र कमी झालेले असते.

अनुकूलनाचा दुसरा प्रवाह आपत्ती व्यवस्थापनातून आला आणि तो अधिक जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमात राज्यात नियंत्रण कक्ष आणि जिल्हा आपत्ती आराखडे यांची घडी बसू लागली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस झाला. त्याच वर्षी आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला. या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद आणि अधिकार दिले. संकटाच्या घडीला ही यंत्रणा वेगाने हलते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवले गेले, तेव्हा रेल्वे, महसूल, पाणीपुरवठा आणि महापालिका यांनी थोड्या दिवसांत एकत्र काम केले. तेवढी एकजूट लातूर शहराच्या पाण्याचे नियोजन करताना आधी दिसली असती, तर ती गाडी लागलीच नसती.

पैशाची वाटणीही याच दिशेला झुकलेली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्य आपत्ती जोखीम निधीचे दोन भाग केले : ८० टक्के मदतीसाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे आधीच्या तयारीसाठी. तयारीला स्वतंत्र वाटा मिळाला ही चांगली सुधारणा होती, तरी शेतकऱ्याचा शासनाशी येणारा संबंध अजून पंचनाम्यातूनच येतो. २०२३ मध्ये राज्याने ‘सततचा पाऊस’ ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. अतिवृष्टीचा निकष एका दिवसाच्या पावसाचा असल्याने, आठवडाभर रोज मध्यम पाऊस पडून सोयाबीन कुजले तरी ते निकषात बसत नसे. बदललेल्या पावसाची ही कबुली होय आणि ती योग्य आहे. ती मदतीच्या नियमात आधी आली. पेरणीची शिफारस, वाण आणि निचऱ्याची व्यवस्था यांत ती तितक्याच ठळकपणे यायला हवी.

महाराष्ट्रातील आजवरचा सर्वांत भरीव प्रयोग म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, बोलीभाषेत ‘पोकरा’. जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जासह सुमारे ४ हजार कोटी रुपयांचा हा प्रकल्प २०१८ मध्ये सुरू झाला. मराठवाड्यातील आठ, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा १५ जिल्ह्यांतील ५,१४२ गावे त्यात घेतली गेली. त्यांपैकी ४,२१० अवर्षणप्रवण आणि ९३२ पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यातील होती. अकोला, अमरावती व बुलढाणा या जिल्ह्यांतील खारपाण पट्ट्यात भूजल खारे असते. तेथे विहीर खोदून उपयोग नसतो. पावसाचे गोडे पाणी अडवून ठेवणे हाच मार्ग उरतो. त्यामुळे एकच योजना सगळीकडे न लादता या पट्ट्याचा वेगळा विचार करणे आवश्यक होते.

पोकराचे वेगळेपण त्याच्या घडणीत आहे. गावे सुटी न निवडता लहान पाणलोटांच्या समूहांनी निवडली गेली. प्रत्येक गावात ग्राम कृषी संजीवनी समिती स्थापन झाली आणि तिच्यात सरपंचाबरोबर महिला, भूमिहीन व लहान शेतकरी यांना स्थान मिळाले. आराखडा करण्याआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचा, म्हणजे पाऊस किती, पिकांनी किती पाणी घेतले, मुरले किती, वाहून गेले किती, हे मांडायचे. त्यासाठीची गणनपद्धती मुंबईच्या आयआयटीने तयार करून दिली. अनुदान थेट शेतकऱ्याच्या खात्यात जमा होई. रुंद सरी वरंबा पद्धतीने सोयाबीन, ठिबक, फळबाग, शेडनेट, शेततळे, शेतकरी उत्पादक कंपन्या अशा अनेक घटकांना पैसा मिळाला.

यातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या असे मानण्यास जागा आहे. पहिली अशी, की स्वतःचा निधी, पूर्णवेळ प्रकल्प संचालक आणि मोजता येणारे उद्दिष्ट असेल, तर कृषी विभागासारखा जुना विभागही संशोधन संस्था, ग्रामपंचायत आणि जलसंधारण यांना एका आराखड्यात आणू शकतो. दुसरी गोष्ट तितकी समाधानाची नाही. ताळेबंदाने गावात पाण्याची तूट दाखवली, तरी वैयक्तिक लाभाची मागणी त्या तुटीकडे पाहून थांबत नाही. शेततळे किंवा फळबाग मागणारा शेतकरी आपल्या जागी बरोबर असतो, आणि सगळ्यांच्या मागण्यांची बेरीज पाणलोटाला झेपत नाही. ही बेरीज करून ‘एवढेच’ असे सांगण्याचा अधिकार गावसमितीला पुरेसा मिळालेला नाही. प्रकल्पाचा दुसरा टप्पा २१ जिल्ह्यांसाठी मंजूर झाला आहे. त्यात हा अधिकार स्पष्ट होणे नव्या घटकांच्या भरीपेक्षा महत्त्वाचे आहे.

माहितीच्या बाबतीत ‘महावेध’ प्रकल्पाने महसूल मंडळ पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. पीकविमा, कृषी सल्ला आणि मदतीचे निकष यांना एकच नोंद वापरता येऊ लागली. मात्र एका मंडळात अनेक गावे असतात. डोंगराच्या एका बाजूला झोडपून काढणारा पाऊस दुसऱ्या बाजूच्या केंद्रात दिसत नाही. म्हणून केंद्रांचे जाळे गावाच्या आणखी जवळ जाणे निकडीचे आहे.

पुराच्या बाबतीत समन्वय राज्याच्या सीमेबाहेर जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली बुडाले, तेव्हा १०५ टीएमसी क्षमतेच्या कोयनेसह महाराष्ट्रातील धरणांचा विसर्ग आणि कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पाणीपातळी एकाच वेळी वादात आली. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अतिवृष्टी आणि नदीपात्रातील व पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांकडे लक्ष वेधले. अलमट्टीचा वाद पुढेही चालू राहिला. दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी पावसाळ्यात विसर्गाची माहिती एकमेकांना वेळेवर देणे हे या वादापलीकडचे काम असून, त्याने प्राण वाचतात. पूररेषेतील बांधकामाचा प्रश्न मात्र पूर्णपणे राज्याच्या हातातला आहे. जलसंपदा विभाग रेषा आखतो आणि परवानगी नगररचना खाते किंवा स्थानिक संस्था देते. या दोहोंमध्ये जी पोकळी राहते, तिच्यात वसाहती उभ्या राहतात.

कोकणात ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आणि मे २०२१ चे तौक्ते यांनी विजेचे खांब, सुपारीच्या व आंब्याच्या बागा आणि घरांची छपरे उद्ध्वस्त केली. अलिबागला भूमिगत वीजवाहिन्यांचे काम झाले. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या कांदळवन कक्षाने किनाऱ्याच्या नैसर्गिक संरक्षणाला प्रशासकीय आधार दिला. दरडींची गोष्ट अधिक वेदनेची आहे. ३० जुलै २०१४ ला माळीण, २२ जुलै २०२१ ला तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इरसालवाडी. इरसालवाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते. भूवैज्ञानिकांचा नकाशा, वन विभागाची जमीन, आदिवासी वाडीचे पुनर्वसन आणि रस्ता यांचा मेळ एका टेबलावर बसत नाही, तोवर यादी कितीही वेळा सुधारली तरी धोका टळत नाही.

उष्णतेकडे राज्याने उशिरा पाहिले. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, नागपूरने पुढे तोच मार्ग धरला. आराखडे आरोग्य विभाग आणि महापालिकांपुरते राहिले. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या शासकीय पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचा मृत्यू झाला. सोहळ्याचे आयोजन सांस्कृतिक कार्य विभागाच्या अखत्यारीतले होते. उन्हाचा इशारा प्रत्येक विभागाला, शाळांच्या वेळापत्रकाला, रोजगार हमीच्या कामाला आणि सभांच्या परवानगीला बंधनकारक हवा, हे या मृत्यूंनी दाखवून दिले. त्यानंतर दुपारच्या वेळेतील खुल्या कार्यक्रमांना आळा घालण्याचे शासनाने जाहीर केले.

स्थानिक संस्थांना सोबत घेण्यासाठी २ ऑक्टोबर २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू आहे. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचतत्त्वांवर गुणांकन होते. पहिल्या वर्षी ६८६ संस्था त्यात उतरल्या. उत्साह मोठा होता. गुण मात्र मुख्यतः वृक्षलागवड, स्वच्छता, सौर दिवे अशा कामांना मिळतात. नाल्याचे पात्र मोकळे करण्याला किंवा धोक्यातील वस्ती हलवण्याला तेवढे वजन मिळायला हवे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला कृती आराखडा आणि २०२४ मध्ये हवामान अर्थसंकल्प अहवाल प्रसिद्ध केला.

इतर राज्यांपैकी दोघांकडून महाराष्ट्राला थेट घेण्यासारखे आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावलेल्या ओडिशाने त्याच वर्षी राज्य आपत्ती प्राधिकरण उभारले. २०१९ च्या फनी वादळापूर्वी तेथे दहा लाखांहून अधिक लोकांना हलवण्यात आले. २०२०-२१ पासून ओडिशा हवामान अर्थसंकल्प मांडते, त्यामुळे कोणत्या विभागाने अनुकूलनावर काय खर्च केला हे विधिमंडळासमोर येते. तमिळनाडूने जिल्हा हवामानबदल अभियाने स्थापून त्यांची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली. भारतात हवामानबदलावर स्वतंत्र सर्वंकष कायदा नाही. तरी सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, माळढोक पक्ष्याच्या खटल्यात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ व २१ या अनुच्छेदांत असल्याचे मानले. महाराष्ट्राने प्रत्येक जिल्हाधिकाऱ्यावर अनुकूलनाची लेखी जबाबदारी टाकावी आणि विभागवार हवामान अर्थसंकल्प विधिमंडळात मांडावा. दोन्हीसाठी नवा अभ्यास किंवा नवी समिती लागत नाही.